वाचकांचे प्रश्न : फाटकावरची नोंद आणि ऐकणारा फोन

सॉफ्टवेअर, खासगीपणा आणि रोजचे व्यवहार यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना एका प्रोग्रॅमरने दिलेली उत्तरे.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत फाटकावरचे रजिस्टर बंद करून अ‍ॅप सुरू झाले आहे. पाहुणे, दूधवाला, घरकामाच्या बाई या सर्वांची नोंद आता छायाचित्रासह होते. मी सभेत शंका काढली, तेव्हा सचिव म्हणाले, "काका, तुमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" याला काय उत्तर द्यावे? (निवृत्त शिक्षक, डोंबिवली)

सचिवांनी पुराव्याची जबाबदारी चुकीच्या माणसावर टाकली आहे. माहिती का देत नाही, हे देणाऱ्याने सांगायचे नसते. ती कशासाठी हवी, हे मागणाऱ्याने सांगायचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला, त्यातही शासनाच्या हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, योग्य उद्देश आणि त्या उद्देशाच्या प्रमाणात असणे या कसोट्या लावलेल्या आहेत. हा निकाल आपल्या संस्थेच्या फाटकाला थेट बांधील करीत नाही. पण प्रमाणाची कसोटी उसनी घ्यायला हरकत नाही.

या अ‍ॅपमागचे कोष्टक माझ्या डोळ्यांसमोर सहज उभे राहते: कोण आले, कोणत्या सदनिकेत, किती वाजता, किती वाजता परतले. एकेक नोंद क्षुल्लक असते, परंतु त्याच नोंदी वर्षभर साठल्या की कोणते घर दर शनिवारी रिकामे असते, कोणाकडे परिचारिकेची ये-जा सुरू झाली आहे, कोणाकडे कोणीच येत नाही, हे एका ओळीच्या प्रश्नाने क्षणात काढता येते. जुन्या रजिस्टरातही हे सारे होतेच. किंबहुना आपल्या आधी आलेल्या चार माणसांचे फोन क्रमांक ते कोणालाही दाखवीत असे, म्हणून त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण त्यातून असे काही शोधायचे, तर शेकडो पाने चाळावी लागत, आणि वही भरली की रद्दीत जाई. अ‍ॅपमधल्या नोंदी मात्र आपण होऊन रद्दीत जात नाहीत. साठवणे आपोआप घडते, पुसण्यासाठी कोणाला तरी मुद्दाम प्रोग्रॅम लिहावा लागतो. आणि ज्या कामाची ग्राहकाने मागणी केलेली नाही, ते आमच्या धंद्यात कायम "पुढच्या आवृत्तीत" ढकलले जाते.

"आम्ही नावे काढून टाकतो" असे आश्वासन मिळाले तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याची गोष्ट सांगावी. तेथे 1990 च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधनासाठी खुल्या केल्या गेल्या. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिन कोड एवढे तीनच तपशील जुळवून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. त्यांच्या जन्मतारखेचे सहा मतदार शहरात होते, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिन कोडात राहणारे ते एकटेच. आपल्या संस्थेत तर सदनिकेचा क्रमांक हेच नाव आहे.

म्हणून पुढच्या सभेत अ‍ॅपला सरसकट विरोध करू नका. त्याने सचिवांचे काम सोपे होईल. त्याऐवजी नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात, कंपनीतील कोणाला त्या दिसतात आणि संस्थेने करार मोडल्यास त्यांचे काय होते, हे लेखी मागवा व इतिवृत्तात नोंदवून घ्या. माझ्या मते महिनाभराहून जास्त काळ नोंद ठेवण्याचे पटण्याजोगे कारण देणे कठीण आहे. आणखी एक गोष्ट आवर्जून मांडा. सर्वांत बारकाईने नोंद होते ती घरकाम करणाऱ्या बायकांची. काही अ‍ॅपमध्ये रहिवाशांना त्यांच्या कामाला तारेही देता येतात. त्या बायकांना मात्र सभेत ना आवाज, ना मत.

मी आणि बहीण पाण्याच्या फिल्टरबद्दल नुसते बोललो, आणि तासाभरात माझ्या फोनवर त्याचीच जाहिरात आली. फोन आपले बोलणे ऐकतो ना? (वाचक, नाशिक)

बहुधा नाही. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली 17 हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासले, तेव्हा गुपचूप मायक्रोफोन सुरू करून आवाज बाहेर पाठवणारे एकही त्यांना आढळले नाही. काही अ‍ॅप मात्र वापरणाऱ्याच्या नकळत पडद्याचे चित्रण तिसऱ्याच कंपनीकडे पाठवीत होते, आणि त्याची भीती कोणीच घातलेली नव्हती.

आपल्या बहिणीने आधी फिल्टरचा शोध घेतला असेल, मग ती आपल्याकडे येऊन आपल्याच वायफायला जोडली गेली असेल, तर दोघींचा संबंध जुळवायला जाहिरातवाल्यांना एक शब्दही ऐकण्याची गरज नाही. शिवाय न जुळलेल्या शेकडो जाहिराती आपण विसरतो आणि जुळलेली एक लक्षात राहते. हे वाचून हायसे वाटू नये. न ऐकता इतके कळत असेल तर ते ऐकण्यापेक्षा जास्त काळजीचे आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, गोपनीयतेच्या विभागात जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक पुसून टाकण्याची सोय आहे. जाहिराती थांबणार नाहीत, पण आपला माग काढण्याचा एक सोपा धागा तुटेल.

दुकानात बिल करताना मोबाइल क्रमांक दिलाच पाहिजे का? (गृहिणी, कोल्हापूर)

नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये किरकोळ विक्रेत्यांना तशी सक्ती न करण्याची सूचना दिली आहे. "क्रमांक नको, कागदी बिल द्या" एवढे म्हणणे पुरते. गल्ल्यावरच्या मुलाशी वाद घालू नये. सॉफ्टवेअरमधली ती चौकट सक्तीची करण्याचा निर्णय त्याचा नसतो.

मी नुकतीच प्रोग्रॅमर म्हणून नोकरीला लागले आहे. बिले भरण्याच्या आमच्या अ‍ॅपमध्ये "मित्रांना बोलवा" या सोयीसाठी वापरणाऱ्याची पूर्ण संपर्कयादी सर्व्हरवर चढवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मला ते पटत नाही, पण नवी असल्याने बोलायला कचरते. (वाचक, पुणे)

आपल्याला पटत नाही हे योग्यच आहे, कारण त्या यादीतील माणसांनी आपले अ‍ॅप पाहिलेलेही नाही आणि त्यांच्या वतीने संमती देण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नाही. परंतु वरिष्ठांपुढे नीतीचा मुद्दा आधी मांडू नका, पर्याय मांडा. वापरणाऱ्याने स्वतः निवडलेला एकच संपर्क अ‍ॅपला मिळावा, अशी सोय अँड्रॉइडमध्ये आहे आणि तिला पूर्ण यादीची परवानगी लागत नाही. त्यामुळे परवानगीची खिडकी उघडून माणूस दचकण्याचा प्रसंगही टळतो, हे उत्पादन सांभाळणाऱ्यांना लगेच समजते.

तरीही अडले, तर खर्च सांगा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती घेतली तरी ती सांगितलेल्या कामाला आवश्यक असलेल्या माहितीपुरतीच ग्राह्य असते, आणि माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असल्या तरी साठवलेली यादी तोपर्यंत सर्व्हरवरच असेल. आपले म्हणणे ईमेलवर, दोन परिच्छेदांत आणि सौम्य शब्दांत लिहून ठेवा. नव्या माणसाच्या तोंडी शंकेपेक्षा लेखी शंकेला उत्तर देणे भाग पडते.

आमच्या कार्यालयात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागतो. याने सुरक्षितता वाढते का? (लिपिक, अकोला)

नाही, लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने, म्हणजे निस्टने, 2017 मध्येच विनाकारण ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असे सांगितले. लांब आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवावा. तो घरच्या कपाटातील वहीत लिहिलेला असला तरी चालेल, कारण दूरदेशीचा चोर कपाट उघडू शकत नाही.

मुक्त सॉफ्टवेअर सुरक्षित असते, कारण त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणीही वाचू शकतो, असे म्हणतात. प्रत्यक्षात वाचते कोण? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

फारच थोडे लोक. 2014 साली उघडकीस आलेला, इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड हा दोष दोन वर्षे सर्वांसमोर उघडा होता आणि कोणाच्या लक्षात आला नव्हता. मार्च 2024 मध्ये तर एक्सझेड या फाइलींचा आकार लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, बराच काळ विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्यानेच चोरदरवाजा बसवल्याचे दिसून आले. तो सापडला तोही वाचनातून नव्हे. अँड्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या अस्थिर (सिड) आवृत्तीवर वेगळेच मोजमाप करीत होते, आणि दुरून त्या संगणकात लॉग इन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी ते खणत गेले.

तरीही मी मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने आहे, आणि माझ्या लॅपटॉपवर डेबियनच आहे. मूळ प्रोग्रॅम कोणाला न दाखवणाऱ्या बंद सॉफ्टवेअरमध्ये तो अर्धा सेकंद खटकला असता, तरी फ्रॉइंड यांना खणायला जमीनच मिळाली नसती. आपल्याला या कामात उतरायचे असेल तर मोठा प्रकल्प हाती घेऊ नका. आपण रोज वापरता असे एखादे छोटे सॉफ्टवेअर निवडा, त्यातला अजून न सुटलेला एक दोष घ्या आणि तो का घडतो ते शोधा.