कंचेभागुबेव शिकवताना

शिकवणी नवीनच सुरू केलीस म्हणून सांगतो. कंचेभागुबेवमध्ये, म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी या क्रमात, पोरं 'भागु'पेक्षा 'बेव'ला जास्त फसतात. १० − ४ + ३ दिलं की आधी बेरीज करून ३ काढतात. उत्तर ९ आहे. बेरीज-वजाबाकीचा मान सारखा, डावीकडून जे आधी येईल ते आधी. हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिही. 'चे' म्हणजे '२० चे अर्धे' यातला गुणाकार, तेही सांग, अर्ध्या वर्गाला ते माहीतच नसतं.

आणि ८ ÷ २(२+२) वर पालकांशी वाद घालत बसू नकोस. कोणी १६ म्हणेल, कोणी १. कॅल्क्युलेटरसुद्धा वेगवेगळी उत्तरं देतात, कारण २ला चिकटलेल्या कंसाचा गुणाकार आधी करायचा का, यावरच एकमत नाही. तू आपला एक कंस जास्त घालून गणित दे.