मालवणहून टोरोंटोला ऑडिओ संच नेताना

सप्रेम नमस्कार,

मालवणच्या घरातील अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल आणि सर्व्हो स्टॅबिलायझर टोरोंटोला आणावेत का, आणि येथे पॉवर कंडिशनर (विजेतील झटके व गडबड गाळणारे उपकरण) घ्यायचा तर कोणता, असे आपण विचारले आहे. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, आणि येथे येताना माझा संच सोबत आणला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टॅबिलायझर आणू नका. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, येथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, त्यामुळे तो येथे चालणार नाही. शिवाय त्याची गरजही पडणार नाही. वेंगुर्ल्याला मे महिन्यात संध्याकाळी मी स्वतः १८० व्होल्ट मोजले आहेत. येथील माझ्या घरात विजेचा दाब ११८ ते १२२ व्होल्टच्या बाहेर क्वचितच जातो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची पाटी वाचा. तीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल, तर केवळ वायर बदलावी लागेल. ११५ आणि २३० असा निवडीचा खटका असेल, तर तो जोडणीपूर्वी ११५ वर आणावा आणि फ्यूज पुस्तिकेप्रमाणे बदलावा. दोन्ही नसेल, तर १२० चे २३० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. तो हर्ट्झ बदलत नाही, परंतु ५० हर्ट्झसाठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरला ६० हर्ट्झ सोसतात, कारण गाभ्यातील चुंबकीय प्रवाह उलट कमी होतो. पाटीवरील वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या. मी पैसे वाचवण्यासाठी नेमक्या वॅटचा घेतला आणि विलंबित आलापीतील प्रत्येक विरामात त्याची गुणगुण ऐकत बसलो.

टर्नटेबलबाबत अधिक सावध राहावे. त्याची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरणारी सिंक्रोनस जातीची असेल, तर ३३ ची एलपी ४० च्या गतीने फिरेल आणि षड्जाच्या जागी कोमल गंधार वाजेल. ट्रान्सफॉर्मरने हा दोष जात नाही. ६० हर्ट्झची पुली (मोटरवरील पट्टा फिरवणारी चकती) मिळत असेल तरच ते आणावे. डीसी मोटरच्या टर्नटेबलला ही अडचण नाही.

आता कंडिशनर. टोरोंटोच्या घरात चांगला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक झटका अडवणारी प्लगपट्टी, बहुधा पुरतो. त्यातील व्हॅरिस्टर, म्हणजे झटका शोषणारे भाग, दर झटक्याला थोडे झिजतात, म्हणून संरक्षण शाबूत असल्याचे दाखवणारा दिवा असलेलाच घ्या आणि दिवा विझताच तो बदला. स्पीकरमधून गुंजन आले, तर लगेच महागडा फिल्टर विकत घेऊ नका. बहुतेक वेळा ते टीव्हीच्या केबलमार्गे बनलेल्या अर्थ-लूपचे, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याने बनलेल्या वेढ्याचे असते. आधी सारी उपकरणे एकाच प्लगपट्टीवर जोडून पाहा. अर्थची पिन मात्र कधीही कापू नका.

कंडिशनरसाठी ठेवलेले पैसे मालवणच्या घरी खर्च करावेत, असे मला मनापासून वाटते, कारण स्टॅबिलायझर आणि संचातील जे आणणार नाही ते आता वडिलांजवळ राहील. स्टॅबिलायझर दाब सावरतो, पण विजेचा झटका अडवत नाही. त्यासाठी मीटरच्या बोर्डावर सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस लावावे लागते, आणि ते झटका जमिनीत सोडत असल्याने अर्थिंग नीट नसेल तर निरुपयोगी ठरते. आपल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि खाऱ्या हवेने अर्थिंगच्या खड्ड्यातील पाइपचा क्लॅम्प गंजतो. क्लॅम्प बदलून, कोळसा-मीठ नव्याने भरून, खड्ड्यात पाणी घालण्याची सोय करून घ्या. इन्व्हर्टर घ्यायचा तर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, कारण स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर घुमतो. वळवाचा गडगडाट सुरू होण्यापूर्वी प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवायला वडिलांना सांगा.

निघण्यापूर्वी वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजमाप करून घ्या, आणि तेही मे महिन्यात. जुलैच्या ओल्या जमिनीत खराब अर्थिंगही चांगले आकडे दाखवते.