'नादपरिसर' म्हणा, 'ध्वनिदृश्य' नको

धुळ्याच्या एका ताईंनी आपल्या प्रकल्पासाठी विचारलंय: शहररचनेतल्या 'साउंडस्केप'ला, म्हणजे एखाद्या जागी ऐकू येणाऱ्या सगळ्या आवाजांच्या माणसाला जाणवणाऱ्या एकूण रूपाला, मराठीत 'ध्वनिदृश्य' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ध्वनी दिसतो कधी? 'लँडस्केप'चं 'भूदृश्य' झालं म्हणून इथेही 'दृश्य' चिकटवायचं, ही कोशकारांची आळशी खोड. मूळ डच शब्दातल्या 'स्खाप'चा पाहण्याशी संबंधच नाही. तो आपल्या '-पण', '-त्व'सारखा प्रत्यय. आणि 'ध्वनिप्रदूषण' हा शब्द यात कालवू नका. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा मीटरवर कळते. जागा कानाला कशी लागते ते कळत नाही. २०१४च्या आयएसओ १२९१३ या आंतरराष्ट्रीय मानकातली 'साउंडस्केप'ची व्याख्याही माणसाला काय जाणवतं, यावरच उभी आहे.

माझा शब्द: नादपरिसर. 'नद्' म्हणजे आवाज करणे, त्याच धातूचा 'नाद' आणि त्याचीच 'नदी'! वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा निरुक्तकार यास्क विचारतो, 'नद्यः कस्मात्?' आणि सांगतो, 'नदना इमा भवन्ति शब्दवत्यः', या नाद करतात, बोलतात, म्हणून नद्या. अथर्ववेद तर नद्यांनाच सांगतो की अहि (पाणी अडवून बसलेला सर्परूपी वृत्र) मारला गेल्यावर तुम्ही नाद करत निघालात, म्हणून हे नाव. 'परिसर'ही 'सृ'चा, भोवती सरणारा. दोन्ही शब्द वाहते आहेत.

यावर एका प्राध्यापकांचा आक्षेप: 'नाद' म्हणजे लोकांना व्यसनच आठवेल, 'त्याच्या नादी लागू नको' म्हणतात तसं. अहो, तो अर्थही कानातूनच आला, असं माझं ठाम मत आहे. पारध्याच्या सुरावर भुलून जाळ्यात सापडणारं हरिण संतांच्या दृष्टान्तांत पदोपदी भेटतं. आधी ऐकण्याची ओढ, मग खोड. शब्द टाकायला हे कारण पुरत नाही.

धुळ्याच्या पांझरा नदीवरच्या फडाच्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवायच्या जुन्या सिंचनपद्धतीच्या, एखाद्या बंधाऱ्याशी उभ्या राहा. पाणी सांडव्यावरून पडत असतं, मागे रस्त्यावर मोटारसायकली चालूच असतात, पण त्यांचा कर्कशपणा त्या एकसारख्या धो-धोखाली दबतो. इंग्लंडात शेफील्ड स्टेशनबाहेरच्या चौकात पोलादी भिंतीवरून पाणी सोडून रहदारीचा आवाज असाच झाकलाय.

प्रकल्पात पांझरा घेणार असाल तर पावसाळ्यात एकदा सकाळी सहाला, रहदारी सुरू व्हायच्या आत तिथे जा. मग संध्याकाळी सातला त्याच दगडावर बसा आणि दोन्ही वेळा काय ऐकू आलं ते लिहून काढा, मराठीत.