हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ह्या कादंबरीत दांभिकपणा नेमका कुठे दिसतो? सगळे फक्त कोर्टाच्या केसबद्दलच बोलतात

कोर्टाचा भाग भारी आहेच, पण माझ्या मते खरा दांभिकपणा उघडा पडतो तो २६ व्या प्रकरणात, शाळेच्या वर्गात. गेट्स बाई फळ्यावर मोठ्या अक्षरात 'डेमोक्रसी' लिहितात, हिटलर ज्यूंना छळतो म्हणून पोटतिडकीने बोलतात, आपल्याकडे असं कुणाला छळत नाहीत म्हणतात आणि ह्याच बाई बलात्काराचा खोटा आरोप झालेल्या टॉम रॉबिन्सन ह्या काळ्या माणसाच्या खटल्यानंतर कोर्टातून बाहेर पडताना बोलत असतात की ह्या काळ्यांना कुणीतरी धडा शिकवायलाच हवा होता, फार डोक्यावर चढलेत, उद्या आपल्याशी लग्नं करायला निघतील. गोष्ट सांगणाऱ्या छोट्या स्काउटने ते ऐकलेलं असतं. लांबच्या माणसांसाठी एवढा जीव तुटणारी बाई गावातल्याच माणसांबद्दल असं कसं बोलते हे त्या पोरीला कळतच नाही, ती मोठ्या भावाला, जेमला, विचारते तर तो भडकून तिला धरून गदागदा हलवतो, कोर्टाचं नावही काढू नकोस म्हणतो. मला हे फार लागतं, कारण जेमला कळत नाही असं नाहीये, त्याला ते सहन होत नाहीये. आणि २४ व्या प्रकरणातला चहापानाचा सीन पण नक्की वाचा, तिथे आफ्रिकेतल्या म्रुना लोकांसाठी कळवळणारी बाई स्वतःच्या घरच्या काळ्या मोलकरणीने खटल्यानंतर तोंड पाडलंय म्हणून वैतागलेली असते.