जाम झालेला एक्सल नट: तापवण्याआधी नटाची कड बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : जुनी, पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली गाडी, पुढचं बेअरिंग बदलायचंय, अर्धा इंची ब्रेकर बारला (सॉकेट फिरवायचा लांब दांडा) पाइप लावून दोघांनी जोर केला, बार तुटला, एक्सल नट (चाकाचा हब एक्सलवर धरून ठेवणारा मधला मोठा नट) जागचा हलला नाही. आता गॅस टॉर्चने तापवायचा विचार आहे. टॉर्च तूर्त बाजूला ठेवा.

अशा नटाला आपण सरसकट ‘गंजून जाम’ म्हणतो, पण बऱ्याचदा त्याला गंजाने नाही, तर कारखान्यात मुद्दाम केलेल्या ठोक्याने धरलेलं असतं. नटाच्या बाहेरच्या बाजूला एक पातळ गोल कड असते आणि ती एक्सलच्या आट्यांमधल्या उभ्या खाचेत छिन्नीने दाबून बसवलेली असते. जुन्या गाडीत त्या खाचेत चिखल आणि गंज इतका बसतो की ही दाबलेली जागा दिसतच नाही. वायर ब्रशने टोक चकाचक करा, मग नजर टाका. कड दाबलेली असेल तर बोथट, अरुंद छिन्नी खाचेच्या रेषेत आतून सरकवून ती पूर्ण वर उचला. थोडी वर आली की पुरे, असं नाही; राहिलेला तुकडा आट्यांत घासत येतो आणि आटे खरवडून काढतो. तुमच्या गाडीत कड नसून खाचांचा नट आणि आडवी स्प्लिट पिन असेल तर तुटलेल्या पिनेचा तुकडा भोकात अडकलेला नाही ना, तेही बघा. त्याच वेळी उघड्या आट्यांची दिशा तपासा. काही जुन्या गाड्यांत एका बाजूला डावे आटे असतात, आणि तिथे आपण सोडवतोय असं समजून नट आवळतच बसतो.

आता बारचं. अनेक छोट्या गाड्यांत हा नट मुळातच २०० ते ३०० न्यूटन-मीटरला (पिळाच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या गंजानंतर सोडवायला त्याच्या दुप्पट जोर लागला तरी नवल नाही. ६० किलोचा माणूस आडव्या पाइपवर, नटापासून १ मीटरवर उभा राहिला की साधारण ५९० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे ताकद तुमच्याकडे होती, हत्यार कमी पडलं. अर्धा इंचाऐवजी पाऊण इंची चौकोनाचा बार घ्या. चौकोन दीडपटच रुंद आहे, पण पीळ सोसण्याची क्षमता रुंदीच्या घनाच्या हिशेबाने वाढते, त्यामुळे तो तिपटीहून जास्त सोसतो. सॉकेट सहा पैलूंचं आणि खोल, नटावर ठोकून पूर्ण बसवलेलं (नटच बारा पैलूंचा असेल तर अर्थात त्याचं). एक्स्टेन्शन (सॉकेट आणि बार यांच्या मधला जोडदांडा) शक्यतो नको, कारण ते स्प्रिंगसारखं पिळतं. लावावंच लागलं तर त्याच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक स्टँड ठेवा, म्हणजे बार खाली झुकून सॉकेट तिरकं होणार नाही.

चाक जमिनीवर असू द्या. मधली टोपी काढली की सॉकेट आत जातं. अलॉय चाकाचं भोक लहान असेल तर स्टेपनीचं पत्र्याचं चाक त्या जागी चढवा, ही युक्ती फार कमी लोकांना सुचते. एक जण आत बसून ब्रेक पेडल घट्ट दाबून धरील. फक्त गिअरमध्ये टाकून भागवू नका. तो सगळा जोर सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला फिरवणारा एक्सलचा सांधा) आणि गिअरबॉक्समधून जातो, आणि हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना असतो. साध्या उजव्या आट्यांसाठी बार डावीकडे आडवा ठेवून वरून खाली दाबा, ओढू नका. या दाबाने डाव्या बाजूचं चाक गाडीला पुढे ढकलतं आणि उजव्या बाजूचं मागे, तेव्हा ठोकळे त्याप्रमाणे लावा. पाइपवर उड्या मारू नका. हळूहळू वजन टाकत जा आणि तोंड बारच्या रेषेतून बाजूला ठेवा.

गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीपासून थोडं-थोडं, पुन्हा-पुन्हा टाका. नट आडवा असल्याने तेल बाहेर ओघळतं, म्हणून एकदम भरपूर फवारण्यात अर्थ नाही. खाचेतून आत जाईल असं टाका आणि डिस्कला लागू देऊ नका. इम्पॅक्ट रेंच (झटके देत नट फिरवणारं यंत्र) मिळत असेल तर बारपेक्षा तेच बरं, कारण त्याचे झटके गंजाची पकड सोडवतात. त्यावर काळं इम्पॅक्ट सॉकेटच लावा. चमकतं क्रोमचं सॉकेट झटक्यांनी फुटू शकतं. चष्मा घातलेला असावा हे सांगायला नको.

एवढं करूनही हलला नाही, तर माझं मत : तापवण्यापेक्षा कापा. हा नट तसाही फेकूनच द्यायचा आहे, वाचवायचेत ते एक्सलचे आटे. तुम्ही बेअरिंग बदलणारच आहात म्हणून त्याच्या ग्रीसची काळजी नाही, पण मागे सीव्ही जॉइंटचा रबरी बूट, सील आणि असला तर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर आहे, शिवाय आधी मारलेलं तेल पेट घेतं. कापताना चाक काढा, गाडी स्टँडवर घ्या, ठिणग्यांच्या वाटेत पत्रा धरा. ग्राइंडरला पातळ डिस्क लावून नटाच्या एका पैलूवर एक्सलला समांतर काप घ्या, आणि तो काप बरोबर एक्सलच्या खाचेवर येईल असा घ्या. तिथे आटे नसतात, त्यामुळे डिस्क जरा खोल गेली तरी नुकसान जवळजवळ शून्य. धातू कागदाइतका उरला की थांबा, कापात छिन्नी घालून पिळा. नट टचकन उकलतो.

एक गोष्ट मात्र सोडू नका. जमिनीवर असताना नट फक्त सैल करायचा, पाव फेरा, मग लगेच जॅक. नट सैल असताना गाडी ढकलली तर बेअरिंगवर ताण राहत नाही आणि ते खराब होतं. तुमचं जुनं जाणारच आहे, पण नवं बसवतानाही हाच नियम आहे.

नट निघाल्यावर एक्सल हबच्या स्प्लाइनमध्ये (एकमेकांत बसणारे लांबट दाते) अडकलेला असेल. टोकावर थेट हातोडा मारलात तर टोक पसरतं आणि नवा नट चढत नाही. जुना नट शाबूत असेल तर तो टोकाशी समपातळीत येईपर्यंत चढवा आणि लाकूड किंवा पितळेचा तुकडा मध्ये धरून ठोका, नाहीतर पुलर (एक्सल दाबून बाहेर काढणारं हत्यार) लावा. बाहेरून शाफ्ट ओढू नका, आतला जॉइंट निसटतो.

बसवताना नवा नट, आटे ब्रशने साफ. आवळायला इम्पॅक्ट नको, टॉर्क रेंचच घ्या, आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. चाक हवेत असताना साथीदाराला ब्रेक दाबायला लावून पूर्ण टॉर्क भरा, मग बोथट छिन्नीने कड खाचेत ठोका. त्यानंतरच गाडी खाली उतरवा.