काळा रंग नको, बाकी बोलू

हातकामाचा कोपरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, घरी छोटी हॅचबॅक आहे. मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. शनिवार-रविवार खिंडसी, नवेगावबांध, पेंचकडे जायला फोमचा हलका ट्रेलर घरीच बनवावा म्हणतो. परदेशातल्या लोकांनी बनवलेले व्हिडिओ पाहिले आहेत. फोमच्या शीट चिकटवायच्या, वरून फायबर मारायचं आणि मॅट काळा रंग द्यायचा असा विचार आहे. चाकांचा सांगाडा आमच्या गल्लीतला वेल्डर करून देतो म्हणाला. आत्ता श्रावणात सुरू केलं तर दिवाळीपर्यंत होईल का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : होईल, पण दिवाळीपर्यंत नाही. अन् फायबर, काळा रंग, गल्लीतला वेल्डर, हे सगळं पत्रातून खोडा. मग उरतं ते चांगलं काम आहे.

आधी फायबर. मी तीस वर्षं कूलर बांधले, टाक्या फायबरवाल्याकडून करून घ्यायचो. फोमची पेटी बांधायचं डोक्यात आलं तेव्हा हातभर तुकडा घेऊन त्याच्याकडेच गेलो. त्याने डब्यातलं रेझिन ब्रशने फिरवलं. आधी नुसता वास. मग जिथे ब्रश फिरला तिथे फोम बसायला लागला, गुळाची ढेप पावसात राहावी तसा. चहा येईपर्यंत आरपार भोक. दोघंही बघतच राहिलो. त्याची चूक नव्हती. कूलरच्या टाकीला लागतं तेच पॉलिएस्टर रेझिन त्याने लावलं. त्यात स्टायरीन असतं अन् आपला फोम, गच्चीच्या उष्णतारोधनाची ती निळी-गुलाबी शीट, पॉलिस्टायरीनचा, म्हणजे साखरेला पाणी. इपॉक्सी नावाचं दुसरं रेझिन चालतं, पण ते महाग. पेट्रोल, थिनर, चपला चिकटवायचं सोल्युशन, स्प्रेचा रंग, यांतलं काहीही फोमजवळ नेऊ नका.

त्याऐवजी कापड घ्या. गांधीबागेतून जाड मांजरपाट आणायचा, आणि तो धुवायचा नाही. घरच्यांनी मायेने धुऊन ठेवला तर परत दुसरा आणा. कोरा मांजरपाट ओला होऊन वाळताना आटतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो; ते आटणंच आपल्याला हवं आहे. फोमची गुळगुळीत साय पॉलिश पेपरने खरवडायची. सुताराचा पांढरा गोंद, पण पाण्याला दाद न देणारा मरीन प्रकारचा, थोडा पातळ करून फोमवर फासायचा. त्यावर कापड टाकून वरून पुन्हा गोंद. पुट्टीच्या पट्टीने मधून कडेकडे हवा काढत जा. बोट दाबल्यावर ‘पच्’ असा आवाज आला तर तिथे हवा राहिली समजा. कोपऱ्यावर कापड कापू नका, साडीच्या निऱ्यांसारखं दुमडून बसवा. वाळल्यावर बाहेरच्या भिंतींचा पाण्यातला इमल्शन रंग, चार हात. शीट एकमेकींना जोडायला पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा डबा मिळतो. कडांवर पाणी शिंपडून मारा, ओलावा मिळाला की तो फुगतो आणि घट्ट धरतो.

फोम स्क्रू धरत नाही. दाराची बिजागरी, कडी, दिवा, जिथे म्हणून स्क्रू येणार तिथे आधीच फोममध्ये खाच पाडून सागाची पट्टी चिकटवून घ्या. मी एक पट्टी विसरलो होतो. रामटेकच्या रस्त्यावर खिडकीची कडी गेली, अजून सापडायची आहे.

वजनाचा हिशोब मात्र बघण्यासारखा आहे. आठ फूट लांब, पाच रुंद, चार उंच पेटी धरा. सगळ्या बाजू मिळून सतरा चौरस मीटरच्या आसपास येतात. दोन इंची शीट घनमीटरला ३२ किलोची असेल तर अख्खी पेटी २७-२८ किलो. हीच पेटी १२ मिलिमीटरच्या प्लायची केली तर १२० किलोच्या आसपास. कापड, गोंद, पट्ट्या धरूनही तुम्ही बरेच पुढे राहता.

आता काळा रंग. बापा, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, हे मी तुम्हाला काय सांगू? हा फोम ७५ अंशांच्या आसपास नरम पडायला लागतो आणि उन्हात उभ्या काळ्या पत्र्याला तिथे पोहोचायला वेळ लागत नाही. मी गच्चीवर दोन तुकडे ठेवले होते, एक पांढरा, एक काळा. काळ्याचं कापड दुपारपर्यंत पुरीसारखं फुगलं. पांढऱ्याला काही झालं नाही. पांढराच द्या, मॅट का चकचकीत ते तुम्ही बघा.

फोम ऊन अडवतो तसा आतला श्वासही अडवतो. या पेटीत जेमतेम साडेचार घनमीटर हवा. खाली एक अन् छताजवळ एक झडप ठेवा, दोन्ही जाळीच्या आणि रात्री कधीच बंद न होणाऱ्या. आत गॅस पेटवायचा नाही, मच्छर अगरबत्तीसुद्धा नाही. फोम पेटला तर काळा जहरी धूर होतो आणि तुमच्यासोबत चार वर्षांचं लेकरू आहे.

वेल्डरचं ऐकायला वाईट वाटेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर आहे. म्हणजे त्याचीही नोंदणी लागते. घरी ठोकलेला सांगाडा गाडीमागे लावून वर्धा रोडला निघालात तर ते विनानोंदणीचं वाहन. आधी गिरीपेठेतल्या आरटीओत जाऊन कागद काय लागतात ते विचारा, सांगाडा मान्यता असलेल्या कारखान्याचा घ्या. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडा आहे का तेही पाहा. नसेल तर हुक लावूच नका. आकडा असला तर ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर आला पाहिजे. सामान मागे कोंबलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो अन् गाडीलाही घेऊन जातो.

मी स्वतः कागदांच्या मागे लागलोच नाही. माझी पेटी साळ्याच्या पिकअपच्या हौद्यात पट्ट्यांनी बांधून जाते, मुक्कामाला चौघं उतरवतात. चालत्या गाडीत आत कोणी बसत नाही. ही म्हणते, एवढा खटाटोप करून शेवटी डबाच नेता. बरोबरच आहे.

दिवाळी विसरा. श्रावणाच्या दमटात ना गोंद वाळतो ना रंग. कागद आत्ता करा, फोम दसऱ्यानंतर आणा, संक्रांतीला निघा.

प्रश्न : मखराचं थर्माकोल वापरलं तर चालेल का? घरी बरंच पडून आहे.
— एक वाचिका, कामठी

उत्तर : नाही ताई. ते दाण्यांचं असतं, दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं आणि कडा बोटाने सुटतात. गच्चीच्या उष्णतारोधनाला टाकतात ती एकसंध, निळी किंवा गुलाबी एक्सपीएस शीट मागा. पडून आहे त्यावर कापड चिकटवण्याचा हात बसवा.