वाचकांचे प्रश्न : दशांशाची न संपणारी शेपटी

प्रश्न : ०.७७७… चा अपूर्णांक ७/९ येतो, हे कळलं. पण ०.२७७७… मध्ये रेघ (पुन्हा पुन्हा येणाऱ्या अंकांवर काढतात ती) फक्त ७ वर आहे. मी २७/९९ लिहिलं तर चूक आलं. का? (नववीची विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : २७/९९ हे उत्तर आहे, पण दुसऱ्या गणिताचं. ते ०.२७२७२७… चं, म्हणजे ३/११. फळ्यावरून उतरवताना रेघ एक अंक डावीकडे लांबली की गणितच बदलतं. म्हणून आधी रेघेखाली कोणते अंक आहेत ते बघ आणि संख्या दोन-तीन आवर्तनांपर्यंत (रेघेखालचे अंक एकदा आले की एक आवर्तन) उलगडून लिही : ०.२७७७७…

आता क्ष = ०.२७७७… धर. रेघेबाहेरचा २ दशांश चिन्हाच्या अलीकडे यायला हवा, म्हणून १० ने गुण : १० क्ष = २.७७७… मग एक आवर्तन पुढे जा : १०० क्ष = २७.७७७… दोन्हींच्या चिन्हापुढे आता नुसते ७ आहेत, एकसारखे. वजाबाकी केली की ती शेपटी पूर्ण जाते : ९० क्ष = २५, म्हणून क्ष = २५/९० = ५/१८.

अनेक मुलं १०० क्ष मधून थेट क्ष वजा करतात. २७.७७७… − ०.२७७७… = २७.५, म्हणजे ९९ क्ष = २७.५. हे चूक नाही, पण अंशात दशांश अडकतो. २७५/९९० करून पुन्हा ५/१८ वरच यावं लागतं. वजा करताना शेपट्या एकाखाली एक न मांडणं, ही यातली खरी चूक. मग उत्तर २७.० की २७.५ यात घोळ होतो.

पद्धत हाताला बसली की तोंडी नियमही वापरता येतो. २.४३६३६३६… घे. चिन्ह विसरून पहिल्या आवर्तनापर्यंतची संख्या २४३६, त्यातून रेघेबाहेरची २४ वजा : २४१२. छेदात रेघेखालच्या प्रत्येक अंकासाठी एक ९ आणि चिन्ह व रेघ यांच्यामधल्या प्रत्येक अंकासाठी एक ० : ९९०. २४१२/९९० ला १८ ने भाग : १३४/५५. चिन्हाच्या अलीकडचा २ मोजून छेद ९९०० करण्याची चूक इथे हमखास होते. शून्यं मोजायची ती चिन्हाच्या पलीकडचीच. शेवटी १३४ ला ५५ ने चार-पाच स्थळांपर्यंत भागून बघ. २.४३६३ दिसलं की निश्चिंत.

ऋण संख्येत उणे चिन्ह बाजूला ठेवून काम कर. −२.३३३… म्हणजे −७/३. −२ मध्ये १/३ मिळवलंस तर −५/३ येईल, आणि ते −१.६६६… आहे.

प्रश्न : ०.९९९… = १ असं मुलाला शिकवलं. आम्हाला घरी कुणालाच पटत नाही. थोडंसं तरी कमी असणारच ना? (पालक, सातारा)

उत्तर : किती कमी, ते लिहून दाखवा. १ मधून ०.९९९… वजा करायला बसलात तर ०.०००… असंच लिहीत राहाल. शेवटचा १ ठेवायला जागाच येत नाही, कारण नऊ संपत नाहीत. वरच्या रीतीनेही तेच : १० क्ष = ९.९९९…, ९ क्ष = ९, क्ष = १. तुमचं म्हणणं खरं ठरतं ते ०.९९९९ ला, चार नवांवर थांबलेल्या संख्येला. ती ९९९९/१०००० आहे आणि १ पेक्षा खरोखरच कमी आहे. सगळा फरक त्या तीन टिंबांचा.

प्रश्न : एक एकर रान तिघा भावांत वाटायचं आहे. प्रत्येकी १३.३३ गुंठे धरले तर बेरीज ३९.९९ येते. उरलेलं कुणाचं? (शेतकरी, तासगाव तालुका)

उत्तर : उरलेलं कुणाचंच नाही, ते फक्त कागदावर सांडलं आहे. ४० गुंठ्यांचा तिसरा हिस्सा १३.३३३… म्हणजे ४०/३ गुंठे. दोन स्थळांवर तोडल्यामुळे तिघांचा मिळून ०.०१ गुंठा गेला. एक गुंठा ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, म्हणजे गेले १०.८९ चौरस फूट. साधारण सव्वातीन फूट लांब-रुंद तुकडा झाला. बांधावरून वाद व्हायला एवढा पुरतो.

अपूर्णांक ठेवून चला : १३ गुंठे म्हणजे १४,१५७ चौरस फूट आणि १/३ गुंठा म्हणजे ३६३. एकूण १४,५२०, तिघांना नेमकं सारखं, एक इंचही शिल्लक नाही. गुंठ्यात न संपणारा आकडा फुटात पुरा होतो, कारण १०८९ ला ३ ने भाग जातो. रान ६६० × ६६ फुटांची सरळ पट्टी असेल तर मोजपट्टी २२० आणि ४४० फुटांवर लावा, दशांशाचं नावच नको. हिस्सेदार सात असते तर ही सोय मिळाली नसती. एकराच्या ४३,५६० चौरस फुटांना ७ ने भाग जात नाही.

कच्च्या कागदावर हिस्सा ‘१/३’ असा लिहावा आणि क्षेत्राचा आकडा त्याशेजारी. दोन स्थळांचेच आकडे मांडायचे असतील तर १३.३३, १३.३३, १३.३४ घ्या आणि तो जादा शतांश कुणाकडे, हे आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : १८ टक्के जीएसटी धरलेल्या किमतीतून मूळ किंमत काढायला मी १०० भागिले ११८ करतो. ०.८४७४५७६ येतं, अंक परत फिरताना दिसत नाहीत. हाही आवर्ती का? ०.८५ ने गुणलं तर बिघडतं का? (दुकानदार, गणपती पेठ, सांगली)

उत्तर : आवर्तीच आहे, पण पडदा अपुरा आहे. १००/११८ = ५०/५९. ५९ ने भागताना बाकी १ ते ५८ पैकीच एखादी राहणार. शून्य कधी नाही, कारण ५९ मध्ये २ किंवा ५ हा अवयव नाही. बाकी ५८ च प्रकारच्या, म्हणून ५९ व्या पायरीच्या आत जुनी बाकी परत यावीच लागते आणि तिथून तेच अंक सुरू होतात. या भागाकारात सगळ्या ५८ बाक्या येतात, म्हणून आवर्तन ५८ अंकांचं आहे. आठ आकडी कॅल्क्युलेटरवर ते दिसणार कसं? ५ टक्क्यांच्या मालाला १००/१०५ करून बघा. बारा आकडी यंत्रावर ०.९५२३८०९५२३८ येईल. त्यात ९५२३८० हे सहा अंक पुन्हा सुरू झालेले दिसतात.

०.८५ मात्र नको. १,००,००० रुपयांच्या विक्रीवर मूळ किंमत ८५,००० येते. खरी ८४,७४५.७६ आहे, २५४.२४ रुपयांचा फरक. ०.८४७५ घेतलं तरी ४.२४ रुपये चुकतात. आणि १,००० मधून सरळ १८ टक्के वजा करून ८२० धरणं ही तर त्याहून मोठी चूक. कर मूळ किमतीवर लागलेला असतो, एकूण रकमेवर नाही.

एकूण रकमेला १.१८ ने भागा. १.१८ हा दोन स्थळांत संपणारा आकडा आहे, त्यामुळे तोडातोड एकदाच, शेवटी, पैशांवर होते. १,००० ÷ १.१८ = ८४७.४६. कर वेगळा गुणून काढण्याऐवजी १,००० मधून ८४७.४६ वजा करा : १५२.५४. बिलावर दोन्ही ओळींची बेरीज पैशासकट जुळते.